तीन खाचांची फळी

आधी माफी मागतो. आठवणी लिहायच्या तर माणसाचं वय झालेलं असावं, हातून काही चांगलं घडलेलं असावं. माझं वय एकवीस आहे, आणि हातून जे घडलं ते चांगलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. घरात लिहिलेला कागद म्हणजे रेशनचा, दवाखान्याचा किंवा वनखात्याचा. आपली गोष्टही कागदावर येऊ शकते हे मला इथे आल्यावर कळलं, आणि ते अजून नीट पटलेलं नाही. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, जे कोणाला सांगितलं नाहीस ते लिही. म्हणून लिहितोय. शब्द कमी-जास्त झाले तर सांभाळून घ्या.

आमचं गाव तलासरीच्या डोंगराकडच्या बाजूला. भात आणि नागली पिकते. माझे वडील शेतकरी, पण त्यांच्या हातात सुतारकी आहे. आजोबांचं बघून शिकले. पाड्यावरची निम्मी दारं आणि चौकटी त्यांच्या हातच्या. पाच-सहा वर्षांपूर्वी मळणीच्या मशीनमध्ये त्यांचा उजवा अंगठा गेला आणि रंधा धरणं बंद झालं. हत्यारांची पेटी तेव्हापासून खाटेखाली आहे. वडील दर दसऱ्याला ती उघडतात, पाती पुसतात, फूल वाहतात आणि पुन्हा बंद करतात.

लहानपणी मला रंधा हातात घ्यायचा होता. वडील म्हणायचे, "ठेव तो. तुझे हात वहीसाठी आहेत." माझ्या भल्यासाठीच म्हणायचे. पण अंगणापलीकडे राहणाऱ्या दादाला मात्र ते रंधा कसा धरायचा, पटाशी कशी लावायची हे शिकवायचे. दादा म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा मुलगा. काका लवकर गेले. त्याची आई, म्हणजे आमची मोठी आई, आणि दादा, दोघंच त्या घरात. दादा दहावीनंतर शाळेत गेला नाही, म्हणून त्याचे हात कशासाठीही मोकळे होते. वडील त्याच्याकडे बघून आईला म्हणायचे, "याच्या हाताला डोळे आहेत." मी कोपऱ्यात भूगोलाचं पुस्तक घेऊन ते ऐकायचो. मी वर्गात पहिला आलो की वडील म्हणायचे, "बरं झालं." बस्स, एवढंच. पुढे काय बोलावं हे त्यांना माहीत नसायचं, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

आता फळीबद्दल. आमच्या बांधावर शिसवीचं एक झाड होतं. खाली एक बुंधा आणि वर दोन मोठे फाटे. त्यातला एक फाटा वडिलांनी परवानगी काढून तोडला, तोही अमावास्येच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे लाकूड आणि बांबू अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडतात. तेव्हा झाडातलं पाणी उतरलेलं असतं आणि लाकडाला कीड लागत नाही, असं जुनी माणसं सांगतात. त्या फाट्याची एक रुंद फळी निघाली. वडिलांनी ती चुलीच्या वर, माळ्यावर ठेवली. तिथे रोजचा धूर लागून लाकूड हळूहळू मुरतं. ठेवताना त्यांनी तिच्या कडेला चाकूने तीन खाचा पाडल्या आणि माझा हात धरून अंगठा त्या खाचांवरून फिरवला. म्हणाले, "ही तुझी. कॉलेजला गेलास की टेबल करू." आईशिवाय हे कोणाला माहीत नव्हतं, आणि खाचांचं तर आईलाही नाही.

दुसरा फाटा दोन वर्षांपूर्वीच्या वादळात पौर्णिमेच्या सुमाराला पडला. त्याचीही फळी काढली, पण ती कच्ची. तीही माळ्यावरच, पण चुलीपासून लांब, भिंतीकडे. धुराने दोन्ही फळ्या सारख्याच काळ्या झाल्या होत्या.

इथे डहाणूच्या हॉस्टेलमध्ये आम्ही चौघे आणि टेबलं दोन. एकाचा सनमायका सुटून वर आलाय, वही ठेवली की कागदाला टोचतो. मी पत्र्याच्या ट्रंकेवर लिहितो. आत्ताही ट्रंकेवरच लिहितोय. मला ते टेबल हवं होतं. पण टेबलापेक्षा वडिलांनी माझ्यासाठी लाकडाला हात लावावा, हे जास्त हवं होतं.

दादा चारोटीला हायवेवरच्या एका दुकानात कामाला होता. गाड्यांना सीट कव्हर, मॅट, काचेची फिल्म, हॉर्न असं सगळं तिथे बसवून देतात. डहाणूहून घरी जाताना मी चारोटीला गाडी बदलतो, तेव्हा त्याच्याकडे चहा व्हायचाच. तो कधी मला पैसे देऊ देत नसे. चहावाल्याला सांगायचा, "हा आमचा साहेब होणाराय, याच्याकडून आत्ता घेऊ नको, नंतर दुप्पट घे." सगळे हसायचे. मीही हसायचो. ही थट्टा खरी होती की टोमणा, हे मी रस्ताभर शोधत बसायचो.

थंडीत एकदा मी उतरलो, तेव्हा दुकानासमोर एक मोठी पांढरी गाडी उभी होती. मालक डहाणूकडचे, चिकूच्या मोठ्या वाडीचे. दार उघडं ठेवून ते स्टिअरिंगपाशी बसले होते आणि डॅशबोर्डवर बोटाने ठोकत होते.

"ऐका. टक टक. डबा आहे डबा! एवढी मोठी गाडी घेतली आणि आत काय, प्लास्टिकचा डबा."

दुकानदार म्हणाला, "शेठ, वुडन फिनिशचं स्टिकर मारून देतो. एकदम नवीन माल आलाय, कोणाला कळणार पण नाही."

"मला कळेल ने!" शेठ म्हणाले. "माझ्या बापाच्या गाडीत असली लाकूड होतं. हात ठेवला तर गार लागायचं. साचुं लाकडुं जोईए भाई, लाकडाचा फोटो नको."

"असली लाकूड आजकालच्या गाडीत कोण बसवून देणार, शेठ?"

दादा मागे एका गाडीची फिल्म लावत होता. हात पुसत पुढे आला आणि म्हणाला, "मी देतो."

दुकानदार त्याच्याकडे बघतच राहिला. दादाने विचारलंही नाही. चपटी पट्टी डॅशबोर्डच्या फटीत सरकवली, हलकेच दाब दिला, टक टक करत एकेक क्लिप सुटली आणि प्लास्टिकची लांब पट्टी अख्खीच्या अख्खी त्याच्या हातात आली. कुठे ओरखडा नाही. त्याने ती वर्तमानपत्रावर ठेवली आणि पेन्सिलने तिच्या कडेकडेने रेघ ओढली. रेघ ओढताना जीभ दातात धरली होती. वडील काम करताना अशीच जीभ धरायचे. चहा तसाच ठेवून मी एसटीत बसलो.

त्याच रविवारी दादा वर्तमानपत्राचा गुंडाळा घेऊन आमच्या अंगणात आला. डॅशबोर्डची पट्टी, दारांच्या दोन पट्ट्या, गिअरभोवतीची चौकट, सगळ्यांचे आकार कागदावर. वडिलांनी ते जमिनीवर पसरले आणि कोपऱ्यांवर दगड ठेवले. किती वर्षांनी त्यांचा चेहरा तसा दिसला होता. इथे किती जाडी, इथे बाक कसा, क्लिप मागून कशी धरणार. अंगठा नसलेला हात हवेत रंधा मारत होता. मी ओट्यावर अर्थशास्त्राचं पुस्तक घेऊन बसलो होतो. काय वाचतोस, असं कोणी विचारलं नाही.

"लाकूड कुठलं, काका? साग घेऊ?"

"साग दाराखिडक्यांना. हे बसणाऱ्याच्या डोळ्यासमोर दिवसभर राहणार. शिसव घे." वडील थांबले आणि म्हणाले, "माळ्यावरची घे."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "ती याच्या टेबलाची ना?"

"टेबलाला दुसरी लावू," वडील म्हणाले. "टेबल सावलीत राहतं, जाड ठेवलं की कच्चं लाकूडही निभावतं. गाडी दिवसभर उन्हात तापते. तिथे कच्चं गेलं तर फाटेल. तिथे मुरलेलंच पाहिजे."

बोलणं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच जास्त लागलं.

दादा लगेच म्हणाला, "नको काका. त्याची आहे ती. मी दुसरीकडे बघतो."

"अरे घे ना," मी म्हणालो. "मला काय, टेबल कसलंही चालतं." मी हसलोही. आई माझ्याकडे बघत राहिली.

मग वडिलांनी खाटेखालची पेटी ओढली. दसरा नसताना. त्यातून आजोबांचा लहान रंधा काढला, पातं बोटावर घासून बघितलं आणि दादाच्या हातात दिला. "बाकासाठी हाच लागेल. तुझ्याकडेच ठेव." त्या दोन शब्दांनंतर मला नीट जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात वडील आणि आई गंजाडला आत्याच्या घरी लग्नाला गेले. मी परीक्षेचं कारण सांगून घरी राहिलो. सकाळी दादा मोटरसायकल घेऊन आला. हॉर्न वाजवून अंगणातूनच ओरडला, "साहेब, फळी काढून द्या, मी चढलो तर तुमच्या आईचं बियाणं सांडेल!"

मी माळ्यावर चढलो. चुलीवरच्या फळीला हात लावला. अंगठ्याला एक, दोन, तीन खाचा लागल्या. मग मी भिंतीकडे सरकलो आणि दुसरी ओढून काढली.

अंधारात चूक झाली असं लिहिण्याचा मोह होतोय. पण कौलांच्या फटीतून उजेड येत होता, मला सगळं दिसत होतं. फळी फाटेल असंही तेव्हा मनात नव्हतं. एवढंच होतं की, माझी माझ्याकडे राहू दे. पण फाटेल हे मला माहीत होतं. वडिलांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं. या दोन वाक्यांमधला फरक मी गेले कित्येक महिने करत आलोय. त्यातून काही निघत नाही.

"काकांनी सांगितलेली हीच ना?" गोणपाट गुंडाळता गुंडाळता दादाने विचारलं.

"हीच."

लाकूड ओळखायचं काम नेहमी वडिलांचं आणि हात चालवायचं दादाचं, असंच होतं. तरी दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "अरे, फळी जड लागते रे. रंध्यातून पापुद्रे निघतात ते बोटाला जरा ओलसर लागतात."

तेव्हाही सांगता आलं असतं. कापलेली नव्हती अजून. मी म्हणालो, "शिसव जडच असतं, दादा. तेलकट असतं ते."

"असं का? बरं. तू वाचलेलं असशील." आणि त्याने रंधा मारला.

गाडी तयार झाली तेव्हा होळी जवळ आली होती. शेठनी वडिलांना मुद्दाम बोलावलं. मी सोबत गेलो. लाकूड बघितलं आणि मला खरंच रडू येईल असं वाटलं. गडद, जांभळट, त्यात काळ्या रेघा वाहत गेलेल्या. डॅशबोर्डपासून दारापर्यंत रेघेला रेघ जुळवली होती. गाडीला आतून नदी असावी तसं. मला हे कधीच जमलं नसतं, सात जन्म घेतले तरी. वडिलांनी मला रंधा दिला असता तरी.

शेठ म्हणाले, "काका, बसा पुढे."

वडिलांनी चपला रस्त्यावर काढल्या आणि मग आत बसले. दुकानातले हसले. शेठ म्हणाले, "अरे, चप्पल घालून बसा, मंदिर थोडंच आहे?" वडिलांनी ऐकलं नसावं. ते लाकडावरून तळहात फिरवत होते, सावकाश. दादा दाराशी वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. मी मागच्या सीटवर बसून त्या दोघांकडे बघत होतो.

"बरोबर," वडील म्हणाले.

दादाचे डोळे भरले. शेठनी सांगून टाकलं, माझ्या मेव्हण्याची गाडी पण तुझ्याकडे पाठवतो. दुकानदार म्हणाला, मागची शेड लाकूडकामासाठी याच्या एकट्याच्या ताब्यात देतो. वडील परतताना एसटीत खिडकीशी बसले होते. मधेच म्हणाले, "घराण्यातलं काम राहिलं." घराण्यात मी पण होतो.

मग ऊन वाढत गेलं, आणि मी वाट बघू लागलो. हे लिहायला लाज वाटते, पण तेच खरं आहे. ती पांढरी गाडी डहाणूत बऱ्याचदा दिसायची, कधी बाजारात, कधी समुद्राकडे सुरूच्या झाडांजवळ. दिसली की मी जवळून जायचो, दोन्ही हातांची ओंजळ काचेवर धरून आत बघायचो. काही झालेलं नसायचं. नुसतं चकाकायचं. मला राग यायचा. मग राग आल्याचा राग यायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशीही मी बाजारात त्या गाडीला शोधत फिरलो होतो.

वैशाखात एका दुपारी ती बँकेबाहेर उन्हात उभी दिसली. मी काचेला डोळा लावला. एसीच्या जाळीपासून स्टिअरिंगकडे एक चीर गेली होती, केसाएवढी. पट्टीचं एक टोक जरा वर उचललेलं.

मला आधी आनंद झाला. मी खोटं कशाला बोलू? एक श्वास घेईपर्यंत मला आनंद झाला. मग काचेत माझंच तोंड दिसलं आणि मी तिथून निघालो.

त्यानंतर मी घरी गेलो नाही. सुट्टीत डहाणूतच एका झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं. आवणीला, म्हणजे भात लावायला, सगळी मुलं घरी जातात, मी आवणीलाही गेलो नाही. फोनवर आई पावसाचं सांगायची, बकरी व्यायल्याचं सांगायची. दादाचा विषय मी काढला नाही, तिनेही काढला नाही. वडील फोनवर येत नाहीत, त्यांना फोनवर बोलायला येत नाही. चारोटीला जायला लागू नये म्हणून मी एका मित्राच्या भावाचं लग्नही टाळलं.

परवा मोठी आई आली. आगरला तिची बहीण दिलेली आहे, तिकडे जाता जाता ती हॉस्टेलच्या फाटकाशी उतरली. हातात पिशवी, पिशवीत शेतातल्या काकड्या आणि नागलीच्या भाकऱ्या. "किती सुकलास! परीक्षा अजून संपली नाही का तुझी?" म्हणाली. आम्ही फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसलो. मी काकडी खात राहिलो, म्हणजे बोलायला लागू नये.

"दादा कसा आहे?" शेवटी मीच विचारलं.

"तुला कोणी सांगितलं नाही?" ती खुशीत होती. "कंपनीत लागला तो. सरीगामला. तीन महिने झाले. छपराखाली काम, ऊन नाही, धूळ नाही. गाड्यांच्या आतले प्लास्टिकचे भाग बनतात तिकडे, ते हा मशीनमधून काढतो. दिवसाला किती, त्याला मोजायलाही मिळत नाही."

"आणि चारोटीचं?"

"ते राहिलं." तिने पदराने तोंड पुसलं. "त्या शेठच्या गाडीतलं लाकूड फाटलं ना. शेठ बिचारा काही बोलला नाही, पण दुकानवाला चार गिऱ्हाइकांसमोर नाही नाही ते बोलला. आता तिकडे फक्त स्टिकर मारतात. तुझे बाबा गेले होते बघायला. फाटलेली पट्टी उलटीसुलटी केली, घरी येऊन माळ्यावर चढले, आणि खाली उतरल्यावर दोन दिवस जेवले नाहीत धड. मग तुझा दादाच आला सांगायला. म्हणाला, काका, त्या दिवशी मीच वर चढलो होतो, घाईत मीच भलती फळी ओढली, त्याला कशाला विचारता, तो तर अभ्यास करत होता."

सांगायला हवं, तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिल्यांदा आला तो हेवाच. एवढं मोठं मन पण त्याच्याच वाट्याला का यावं?

मोठी आई उठली, तिची गाडी आली होती. पायरीवर पाय ठेवून पुन्हा वळली.

"अगं बाई, विसरलेच. त्याने निरोप दिलाय तुला. कंपनीत जायच्या आधी तीन दिवस तुमच्या अंगणात बसून होता. माळ्यावर उरलेली ती फळी काढली, रंधा मारून गुळगुळीत केली, पाय जोडले, आणि रंधा तुझ्या बाबांच्या पेटीत ठेवून गेला. तुझं टेबल तयार आहे घरी. म्हणाला, त्याला सांग, ही मुरलेली आहे, फाटणार नाही."